आधी सी की आधी पायथन?

पक्याच्या धाकट्या भावाचं, म्हणजे छोट्याचं, बीकॉम झालंय आणि त्याला आता कोडिंग करून नोकरी हवीय. पुण्यातला एक क्लास ‘सहा महिन्यांत फुल स्टॅक’ (म्हणजे वेबसाइटची दिसणारी बाजू आणि मागची बाजू, दोन्ही) म्हणून साठ हजार मागतोय. छोट्यानं हे राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर काढलं आणि तासाभराची निश्चिंती झाली.

मास्तर पॉलिटेक्निकला शिकवतो. तो लगेच म्हणाला, “आधी सी भाषा. मेमरी कळली पाहिजे, मेमरीतला पत्ता धरणारे पॉइंटर कळले पाहिजेत. पाया कच्चा राहिला की पुढं सगळं घोकंपट्टीवर.”

“तुमच्या लॅबमध्ये अजून १९८७ साली आलेलं टर्बो सी हे सॉफ्टवेअर चालतं,” हिंजवडीहून शनिवार-रविवार येणारा दाद्या उसळला. “त्यातली कोनिओ डॉट एच ही फाइल वापरलेला प्रोग्रॅम बाहेर लिनक्सच्या मशीनवर कंपाइलसुद्धा होत नाही, चालायचं लांबच. त्यापेक्षा छोट्या, सरळ पायथन धर.”

“तुझं पायथन ज्यावर पळतं ते सीमध्येच लिहिलंय!”

“मग? ते लिहिणाऱ्यांनी लिहिलंय. याला नोकरी हवीय.”

मुद्दा दोघांचाही बरोबर, पण छोट्याला काडीचा उपयोग नाही. तो हळूच म्हणाला, “माझ्याकडं ऑनलाइन कोर्सची तीन सर्टिफिकेटं आहेत.”

“आणि बनवलंस काय?” दाद्यानं विचारलं.

छोट्या गप्प. पक्या त्याच्या मदतीला धावला, “अरे, आता चॅटजीपीटी लिहून देतं की सगळं.”

दाद्यानं फोनवर पायथन उघडून छोट्याच्या हातात दिलं. “०.१ अधिक ०.२ कर.”

उत्तर आलं ०.३०००००००००००००००४.

“बिघडलंय,” पक्या म्हणाला. मास्तरला मात्र उधाण आलं. दशांशात एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ संपतच नाही, तसं बायनरीत, म्हणजे मशीनच्या शून्य-एकच्या आकड्यांत, ०.१ संपत नाही. मशीन कुठंतरी तोडतं, त्याची ही शेपटी. इतकं सोपं तो वर्गात सांगत असेल का, शंका आहे. “म्हणून पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात ठेवायचा नाही. सगळे रुपये पैसे करून, पूर्णांकात ठेवायचा.”

“आणि चॅटजीपीटीनं रुपयांत लिहून दिला, तर चूक कोण पकडणार?” दाद्यानं विचारलं. “हा पकडेल. बीकॉम आहे, राउंडिंग कळतं, जीएसटी कळतं. छोट्या, अकाउंट्स सोडून पळू नकोस. पायथनबरोबर डेटाबेसमधली माहिती काढायचं एसक्यूएल शीक, हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना तुझ्यासारखाच माणूस लागतो.”

माझंही मत तेच. साठ हजार आत्ता नको. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे परीक्षेला बसलास तरच. प्रोग्रॅम लिहायची भाषा एकच घे आणि सहा महिने बदलू नकोस. दर पंधरवड्याला नवी भाषा धरणारी पोरं ‘हॅलो वर्ल्ड’ या पहिल्याच प्रोग्रॅमपुढं जाताना मी तरी पाहिली नाहीत. एरर आली की इंजिनीअर मित्राला फोन करण्याआधी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पायथनमध्ये खरं कारण बहुधा तिथंच असतं.

“मग पहिलं काय बनवू?”

“मामांची उधारीची वही,” मास्तर आणि दाद्या एकदमच म्हणाले. संध्याकाळभरात पहिल्यांदा.

टपरीवरून मामा ऐकतच होते. “बनव की. पण एक चहा दोघांत घेतला तर कुणाच्या नावावर? मागची बाकी कुठं? आणि हा पक्या निम्मेच पैसे देतो, ते कसं लिहिशील?”

छोट्या पेन शोधायला लागला.