‘आयपी १९२.१६८ ने सुरू होतो म्हणजे फोन हॅक’ हा मेसेज साफ खोटा आहे

आमच्या आत्याने घाबरून घरातलं वायफाय बंद करून टाकलं. कारण, सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज. सेटिंगमध्ये आपला आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर फोनला मिळणारा आकडी पत्ता) बघा, तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर फोन हॅकरच्या ताब्यात आहे. आयपीवरून त्याला तुमच्या घराचा पत्ता कळतो, खात्यातले पैसेही काढता येतात, असं त्यात म्हटलंय. खाली ‘आयपी क्लीनर’ची लिंक.

आधी १९२.१६८ चं बघू, कारण सगळी भीती तिथेच आहे. वायफाय चालू असताना अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढचं चाक दाबा. आयफोनवर तिथेच गोलातला ‘आय’ असतो. बहुतेक घरांत १९२.१६८.१.५ असलंच काहीतरी दिसेल, आणि त्यात काहीही वावगं नाही. फेब्रुवारी १९९६ च्या ‘आरएफसी १९१८’ या इंटरनेटच्या नियमावलीत १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेत. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही. घरातला राउटर हे पत्ते फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला वाटतो. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत. प्रत्येक इमारतीत १०२ नंबरचा फ्लॅट असावा तसं शेजाऱ्याच्या फोनलाही नेमका हाच आकडा असू शकतो. म्हणजे मेसेज वाचून जो कोणी तपासेल, त्यातल्या बहुतेकांना आपला फोन हॅक झालाय असंच वाटणार. माझ्या मते हा आकडा मुद्दाम निवडलाय.

कारण खरा डाव लिंकमध्ये आहे. ती दाबली की प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल (अँड्रॉइडवर अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल) उतरते. आत्याने ती उतरवली होती. नशीब, फोनने ‘अज्ञात स्रोत’ची परवानगी मागितली तिथे ती थांबली. असल्या अ‍ॅपला एसएमएस वाचायला मिळाले की ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातो. नुसता आयपी कळून कुणाचं खातं रिकामं होत नाही, या असल्या फाइलने होतं.

घराच्या पत्त्याचं म्हणाल तर बाहेर दिसणारा आयपी वेगळा असतो. ‘व्हॉट इज माय आयपी’ असं गूगलवर टाकलं की तो कळतो. त्यावरून इंटरनेट कंपनी आणि ढोबळमानाने शहर समजतं, तेही अनेकदा चुकीचं. आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या अमेरिकेतल्या मॅक्समाइंड कंपनीने, ज्या आयपींचं ‘अमेरिका’ यापलीकडे ठिकाण माहीत नव्हतं, ते देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकून दिले. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्या पॉटविनजवळच्या एका शेतावर. पत्रकार कश्मीर हिल यांनी २०१६ मध्ये हे उघडकीस आणलं तेव्हा ६० कोटींहून जास्त आयपी त्या शेतावर दाखवले जात होते आणि कुठल्या कुठल्या गुन्ह्यांसाठी तिथल्या माणसांच्या दारात पोलीस येत होते.

यातलं एवढं मात्र मान्य करावं लागेल: आयपी आणि नेमकी वेळ हाताशी असेल तर पोलीस इंटरनेट कंपनीकडे रीतसर मागणी करून ग्राहकापर्यंत पोचू शकतात. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर समोरच्याला तुमचा आयपी कळू शकतो, हेही खरं. त्यासाठी प्रायव्हसी, मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन कॉलमधला आयपी लपवायचा पर्याय चालू करा. तो २०२३ पासून आहे.

कुणी ती फाइल इन्स्टॉल केलीच असेल तर आधी नेट बंद करा, अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.