नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्याची हार्ड डिस्क बदला

जून जवळ आला की नाशकात मुलांसाठी लॅपटॉप बघणं सुरू होतं. घरातला जुना लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं लावतो म्हणून त्याला भंगारात काढायची घाई होते. माझं मत स्पष्ट आहे: मदरबोर्ड आणि स्क्रीन धड असेल, तर आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप टाकून देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, मीटिंग यांना त्याचा प्रोसेसर पुरतो. अडतं ते हार्ड डिस्कपाशी.

विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. काहीही चालू नसताना डिस्क शंभर टक्के दिसत असेल, तर दुखणं तिथेच आहे. मिनिटाला ५४०० फेरे (आरपीएम) घेणाऱ्या हार्ड डिस्कला बारीक बारीक फाइली शोधायला सुई सतत इकडून तिकडे हलवावी लागते, एसएसडीला, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या, फिरता भाग नसलेल्या डिस्कला, ती भानगडच नाही. म्हणून दुकानदार आधी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वाढवा म्हणाला तरी ऐकू नका. पहिला खर्च एसएसडीवर, दुसरा रॅमवर.

घ्यायची ती २.५ इंची साटा एसएसडी (साटा म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी), २५६ जीबी पुरते, ५१२ घेतली तर निश्चिंत. तुमच्या मॉडेलला एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची खाच, असेल, तर त्यात साटा चालते की एनव्हीएमई ही दुसऱ्या जोडणीची, हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात, चुकीची लावली तर लॅपटॉप ती ओळखतच नाही.

रॅमच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत डीडीआर३ या जुन्या प्रकारात होते. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. पट्टीवर पीसी३ नव्हे, पीसी३एल छापलेलं असायला हवं. साधी १.५ व्होल्टची टाकली की बहुतेक वेळा स्क्रीन काळीच राहते आणि माणूस मदरबोर्ड गेला म्हणून घाबरतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. एकूण ८ जीबी झाली की रोजचं काम आरामात होतं.

उघडताना आधी चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही. ती आतल्या बाजूला असेल तर कव्हर उघडल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवायचा. टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे, ती दाबू नका, आधी बदला. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी घट्ट पिळला की कीबोर्डखालून टोक वर येतं. काही मॉडेलमध्ये डिस्कची चपटी रिबन केबल असते, तिच्या कनेक्टरची बारीक पट्टी उचलल्याशिवाय केबल ओढायची नाही. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल आणि एसएसडी ७ ची, तर ती सैल बसते. एसएसडीसोबत जाडी भरणारी चौकट मिळाली असेल, तर ती चिकटवा. रॅमची पट्टी तिरपी सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. उघडलंच आहे तर पंख्यातली धूळही काढा, पाती बोटाने धरून.

विंडोजच ठेवायचं असेल, तर क्लोनिंगपेक्षा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्यावर उतरवण्यापेक्षा, ते नव्याने टाका. पूर्वी अॅक्टिव्हेट झालेलं विंडोज १० मदरबोर्डला बांधलेलं असल्याने डिस्क बदलल्यावर सहसा पुन्हा किल्ली लागत नाही. क्लोन केलंच तर जुनी डिस्क काढून मग चालू करा, नाहीतर लॅपटॉप जुन्यावरूनच सुरू होतो आणि फरकच पडला नाही असं वाटतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली सुचवतो. ते मोफत आहे आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी नीट चालते. पण हिशेबाच्या टॅलीवर किंवा मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी विंडोज सोडू नये, आणि त्यांच्यासाठी आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

काढलेली हार्ड डिस्क २.५ इंची यूएसबी केसमध्ये घाला. तिच्यावरचे फोटो आणि कागदपत्रं नव्या एसएसडीवर उतरवून, उघडून तपासल्याशिवाय ती फॉरमॅट करू नका.