रस्त्यात सापडलेली पोरगी, म्हणे!

व्हॉट्सॲपवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. ‘स्वीडिश नटी लिव्ह उलमन. अभिनयाचा गंध नसलेली ही पोरगी दिग्दर्शक इंगमार बर्गमनला रस्त्यात दिसली. त्याने तिला घडवलं, तिच्याशी लग्न केलं, ऑस्कर मिळवून दिला. त्याला सोडलं आणि तिची कारकीर्द संपली.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि गुरुमहिमा. नाटकाचं शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीने ‘मामा, किती भारी ना!’ म्हणत ती मला पाठवली, म्हणून हा खटाटोप.

ती स्वीडिश नाही, नॉर्वेजियन आहे. जन्म १९३८चा, तोही टोकियोत. वडील महायुद्धाच्या काळात गेले, आई मुलींना घेऊन नॉर्वेत परतली आणि लिव्ह ट्रॉन्डहाइमला वाढली.

आता तो ‘अभिनयाचा गंध’. डोकं फिरतं ते इथे. लंडनमध्ये अभिनय शिकून आलेली ही मुलगी १९५७ साली नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या नाट्यगृहात ॲन फ्रँकच्या भूमिकेत उभी राहिली. मग ऑस्लोची रंगभूमी, सोबत नॉर्वेजियन सिनेमे. बर्गमनच्या ‘पर्सोना’चं चित्रीकरण झालं १९६५ साली. म्हणजे तोवर आठ वर्षं ती रोज प्रेक्षकांसमोर घासून निघत होती, ती वर्षं पोस्टकर्त्याने सरळ खाऊन टाकली. त्यातून विशीतल्या मुलींनी काय शिकायचं? तालमी राहू द्या, कुणा थोर पुरुषाची नजर पडेल अशा कोपऱ्यावर उभ्या राहा?

रस्त्यातली भेट मात्र खरी आहे, कबूल. स्टॉकहोममध्ये बीबी अँडरसनसोबत चालताना तिची बर्गमनशी गाठ पडली, आणि ‘पर्सोना’मुळेच जग तिला ओळखू लागलं. पण बीबी ही तिची आधीपासूनची मैत्रीण, आणि तीही नटीच. व्यवसायातल्या लोकांची ओळख व्यवसायातल्या लोकांकडूनच होते, त्यात चमत्कार कसला?

ऑस्करसाठी अकादमीची नोंद उघडा, कुणालाही दिसते. स्पर्धेतला ऑस्कर तिला कधीच मिळाला नाही. नामांकनं दोन, त्यांतलं पहिलं ‘द एमिग्रंट्स’साठी, आणि त्याचा दिग्दर्शक यान ट्रोएल! बर्गमनचा त्या चित्रपटाशी संबंध नाही. दुसरं ‘फेस टू फेस’साठी, ते बर्गमनचं. मानद ऑस्कर हाती आला २०२२ साली. बर्गमन जाऊन तोवर पंधरा वर्षं होत आली होती.

लग्न? झालंच नाही. त्यांची मुलगी लिन आज नॉर्वेतली नावाजलेली कादंबरीकार आहे.

आणि ‘कारकीर्द संपली’ हे तर हसण्यावारी नेण्यासारखं. दोघं वेगळे झाले १९७०च्या सुमारास. त्यानंतर त्याच्याच ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’, ‘ऑटम सोनाटा’पासून २००३च्या ‘साराबांद’पर्यंत ती आहे. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ नाटकातली नोरा केली, दोन वर्षांनी ‘ॲना क्रिस्टी’ हे नाटक, दोन्हींना टोनी या अमेरिकन रंगभूमीच्या मोठ्या पुरस्काराचं नामांकन. पुढे ती दिग्दर्शक झाली. २०००च्या ‘फेथलेस’ची पटकथा बर्गमनची, दिग्दर्शन हिचं. ज्याने म्हणे तिला घडवलं, त्याने स्वतःचं लिखाण तिच्या हाती सोपवलं. २००९ साली सिडनीत केट ब्लँचेटला घेऊन टेनेसी विल्यम्सचं नाटक बसवलं, तेव्हा बाई सत्तरीत होत्या.

भाचीला ‘द एमिग्रंट्स’ बघायला सांगितलं आहे. तीन तासांचा आहे, कुरकुर करतेय.