सूर्याचा बंब

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात न्हाणीच्या कोपऱ्यात पाणी तापवायचं एक भाण आहे. तांब्याचं, मातीच्या चुलीत गळ्यापर्यंत पुरलेलं. खाली नारळाची सोडणं आणि चुडतं सारायची, फुंकायचं, आणि आंघोळीआधीच डोळ्यांतून पाणी काढायचं. डिसेंबरात एकदा धुराने कावून मी जाहीर केलं, की यापुढे आपलं पाणी सूर्य तापवील.

"त्याला पहाटे पाचला उठव मग," आई म्हणाली.

मला तो विनोद वाटला.

कृती कागदावर सोपी होती. सहा फूट बाय तीन फुटांची पेटी, तळाशी काथ्याची गादी, त्यावर काळा रंग दिलेला पत्रा, पत्र्याला घट्ट चिकटलेल्या अर्ध्या इंची तांब्याच्या उभ्या नळ्या, त्यांना खाली-वर जोडणाऱ्या दोन जाड आडव्या नळ्या आणि वर काच. सोस्यूर नावाच्या स्विस गृहस्थाने १७६७ साली काचेच्या पेटीत ऊन कोंडून दाखवलं होतं. स्वित्झर्लंडच्या उन्हाला जे जमलं ते गोव्याच्या उन्हाला न जमायला काय झालं? ऊन फुकटच होतं. तांबं मात्र नव्हतं. भंगारवाल्याकडून तांब्याचा भाव ऐकून आलो आणि माझी नजर सहज भाणाकडे गेली. आईने ती पाहिली. त्या दिवसापासून न्हाणीला बाहेरून कडी.

पेटी दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाइतकी कलती ठेवायची असते. गोव्याचा अक्षांश साधारण १५. मी मेस्ताला, म्हणजे आमच्या सुताराला, कोनमापक दाखवला. तो त्याने उलटसुलट करून परत दिला. "बाब, १५ अंश म्हणजे किती हात?" मी तासभर गणित केलं. सहा फुटांच्या पेटीचं वरचं टोक दीड फूट उचलायचं. म्हणजे बरोबर एक हात. "मग तसं सांगायचं," मेस्त म्हणाला आणि चहा मागितला.

पहिल्याच दुपारी पेटीला जोडलेल्या टाकीच्या नळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पाणी सणसणीत! रात्री सगळ्यांना बजावलं, पहाटे कोणी चूल पेटवायची नाही. पहाटे पाणी विहिरीपेक्षा गार. मी टाकीभोवती गोधडी गुंडाळली. दुसऱ्या पहाटे तीच गत. चौथ्या दिवशी उलगडा झाला. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार पाणी खाली पेटीत उतरतं, पंप लागत नाही. पण त्यासाठी टाकीचा तळ पेटीच्या माथ्याहून फूटभर तरी वर हवा. माझी टाकी पेटीच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसली होती. त्यामुळे दिवस मावळला की उलटी वाहतूक सुरू. माझं पाणी रात्रभर पेटीत येऊन चांदण्यात निवत होतं. गोधडी कोणाला पांघरली होती कोण जाणे.

टाकीखाली चिऱ्यांचा चौथरा बांधला. चिरे गच्चीवर चढवायला दोन माणसं आणि माझी कंबर गेली. (कंबर अजून पूर्ण परतलेली नाही.) नंतर एक सांधा गळाला, तो झाळला, काचेवर शेजारणीचं मांजर झोपायला लागलं, त्याला हाकलायचं काम वडिलांनी आनंदाने घेतलं. सगळं जमेपर्यंत एप्रिल उजाडला.

आता पहाटे पाचला पाणी कडकडीत असतं. १०० लिटर पाणी २७ अंशांवरून ५० वर न्यायला विजेची अडीचेक युनिटं लागली असती, ती वाचतात, असं मी जेवताना सांगतो. कोणी ऐकत नाही, कारण एप्रिलात गोव्यात कडकडीत पाणी हवंय कोणाला? गच्चीवरच्या साध्या काळ्या टाकीतलं पाणीच दुपारी भाजतं. वडील विहिरीवर जाऊन कळशीने गार पाणी ओतून घेतात. जूनमध्ये पाऊस लागला की गरम पाणी हवंसं होईल, पण तेव्हा सूर्यच दोन-दोन दिवस रजेवर असेल.

परवा गच्चीवर गेलो, तर आई पेटीची काच सरकवून आत ताटं मांडत होती. ताटांत फणसाची साठं. उघड्यावर वाळायला चार दिवस लागतात, माश्या बसतात, कावळे टोचतात. इथे काही त्रास नाही.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "त्या नळ्यांतलं पाणी जरा काढून टाक रे. उगाच ऊन खातंय माझं."