झाडीपट्टीच्या नटाची निवड मोबाईलवर होत नाही

पोळा झाला की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, आमच्या छोट्या नाट्यकंपनीकडे नव्या नटांचे फोन सुरू होतात. रोवणी आटोपलेली असते, धान कापणीला अवकाश असतो, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत चालणाऱ्या हंगामासाठी संच बांधायचा तो हाच काळ. अलीकडे या निवडीची एक सोपी वाट पडली आहे. उमेदवाराने मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, चालकाने तो पाहायचा आणि ‘ये’ किंवा ‘नको’ असे कळवायचे. काही वर्षे मीही हेच केले. ते चूक होते, असे माझे आता ठाम मत झाले आहे, आणि झाडीपट्टीच्या नाट्यकंपन्यांचे केंद्र असलेल्या वडशातल्या सगळ्याच कंपन्या निवडीच्या घाईत असताना ते मांडणे मला आवश्यक वाटते.

आपले काम काय आहे, ते आधी पाहू. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मंडप उघडा, पौषातली थंडी, अंगावर दव, समोर चार गावांहून आलेला हजारोंचा समाज, त्यात माहेरी आलेल्या लेकी आणि नाटकासाठी मुद्दाम बोलावलेले पाहुणे. रंगमंचावर वर टांगलेले मोजके माईक असतात. त्यांच्या टप्प्यात राहून बोलायचे, विंगेतल्या प्रॉम्प्टरचा शब्द कानात घ्यायचा, आणि पुढे बसलेल्या ऑर्गनवाल्याने सूर दिला की त्याच पट्टीत पद उचलायचे. सकाळी गाडीत झोपायचे आणि रात्री दुसऱ्या गावात पुन्हा तोंडाला रंग लावायचा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट (बैलांच्या शर्यती) थांबले, तेव्हा पटाला जोडून होणारे आमचे प्रयोगही गेले. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा सशर्त परवानगी मिळाली आणि पटाच्या दिवसांत तारखांची गर्दी परत आली. मंडईचे (दिवाळीनंतरच्या गावजत्रेचे) आणि पटाचे दिवस लागोपाठ आले की नटाला विसाव्याची रात्र मिळत नाही. या कामाची परीक्षा घरातल्या खोलीत, दिवसाउजेडी, ओठांजवळ धरलेल्या मोबाईलवर कशी होणार?

तीन हंगामांपूर्वी आम्ही एका तरुणाला असाच व्हिडिओ पाहून घेतले. चेहरा उत्तम, शब्दफेक स्वच्छ, डोळ्यांत पाणी आणण्याची ताकदही होती. अठराव्या-एकोणिसाव्या प्रयोगाला त्याचा आवाज पूर्ण बसला. दुसऱ्या अंकात तो ओठ हलवत राहिला आणि मागच्या रांगांतून ‘आवाज, आवाज’ अशी ओरड झाली. मेकअपच्या खोलीत तो गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. त्याला पोटातून आवाज काढता येतो की केवळ गळ्यातून, हे मी पाच मिनिटांत ओळखायला हवे होते. समोर उभे करून ऐकले असते तर ओळखलेही असते. दोष त्याचा नव्हता, निवड करणाऱ्याचा होता. तो मुलगा पुन्हा रंगभूमीकडे आला नाही, याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर आम्ही निवड रात्री ठेवू लागलो. गावाच्या मोकळ्या पटांगणात साधा मंच घालतो, माईक टांगतो, ऑर्गन आणि तबला बसवतो. प्रत्येक उमेदवाराला पहिली संधी दहाच्या सुमारास मिळते आणि दुसरी रात्री दोननंतर, कारण झोप डोळ्यांवर आल्यावर माणसाची जीभ, स्मरण आणि स्वभाव कसा राहतो, हे त्याच वेळी कळते. पाठ केलेले स्वगत आम्ही ऐकत नाही. न पाहिलेला प्रवेश देतो, जुन्या नटाला समोर उभे करतो आणि प्रॉम्प्टरला मुद्दाम एक ओळ चुकवायला सांगतो. उमेदवार थांबला तरी चालते. सांभाळून घेण्याचा प्रयत्न करतो का, तेवढेच बघायचे असते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ऐकण्याचा प्रवेश. त्यात उमेदवाराला दोनच वाक्ये असतात, बाकी सारे समोरचा बोलतो. गेल्या वर्षी ब्रह्मपुरीकडच्या एका बाईंना असा प्रवेश दिला होता: मोठा भाऊ जमीन विकायला निघाला आहे आणि बहीण चहा घेऊन येते. आम्ही हातात रिकामा स्टीलचा पेला दिला. त्या मंचावर आल्या आणि पेला या हातातून त्या हातात घेऊ लागल्या, कारण त्यांच्या लेखी चहा गरम होता. भावाने सातबाऱ्याचे नाव काढले तशी बोटांची हालचाल थांबली; पेला तसाच घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. नंतर पदर पुढे घेऊन त्यांनी तो खाली ठेवला, आवाज न करता. त्यांची दोन वाक्ये अजून यायचीच होती आणि ऑर्गनवाल्याचे हात पट्ट्यांवरून खाली आले होते. या बाईंनी पाठवलेला व्हिडिओ मी आधी पाहिला होता आणि त्यात मला काहीही दिसले नव्हते.

बोलीवरून माणूस नाकारू नये, असेही माझे म्हणणे आहे. ‘पानी’, ‘कोन’ म्हणणाऱ्या मुलाला ‘उच्चार शुद्ध नाहीत’ म्हणून परत पाठवणारे चालक मी पाहिले आहेत. ‘ण’ तालमीत महिनाभरात बसवता येतो. झाडीबोलीतला ठसका मात्र बाहेरून आलेल्या नटाला शिकवून येत नाही, आणि आपला प्रेक्षक त्या ठसक्याला जीव लावतो. 2023 साली गडचिरोली जिल्ह्याच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. खेड्यात राहून नाटक करणाऱ्या माणसाचा असा सन्मान झाल्यावर तरी आपल्याच पोरांना त्यांच्या बोलीची लाज वाटेल असे आपण वागू नये.

रात्रभराच्या निवडीला खर्च येतो, हे मान्य आहे. मंडप, जेवण, उमेदवारांचे गाडीभाडे, आणि बाईसोबत घरचे कोणी आले तर त्यांच्या झोपण्याची सोय, हे सर्व आम्ही करतो. परंतु ऐन हंगामात एका भूमिकेसाठी बदली नट शोधावा लागला तर जो पैसा आणि जी पत जाते, त्यापुढे हा खर्च थोडा आहे. निवडीआधीच नाईट (एका प्रयोगाचे मानधन) किती, रद्द झालेल्या प्रयोगाचे काय, कपडे आणि दागिने कोणाचे, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. संच ठरल्यानंतर नाईट कमी करणे हा विश्वासघात आहे, मग कंपनी कितीही लहान असो.

आणि ज्यांना घ्यायचे नाही, त्यांना तसे त्याच पहाटे सांगावे. ‘कळवतो’ म्हणून महिनाभर ताटकळत ठेवलेला माणूस दुसऱ्या कंपनीचेही काम गमावतो आणि कापणीची मजुरीही. आम्ही प्रत्येकाला बाजूला बसवून कारण सांगतो: पट्टी कुठे सुटली, नजर कुठे खाली गेली, पुढच्या वर्षी काय करून यावे. त्यात दोन तास जातात. सकाळची गाडी पकडायला लोक वडसा स्टेशनकडे निघतात, तोवर कोणाचाही निर्णय बाकी राहिलेला नसतो.