आयुष्मानचा हप्ता फोनवरून भरायचा? कोणता हप्ता?

"आयुष्मान कार्डाचा वर्षाचा हप्ता ४५६ रुपये, जीएसटीसह. खालच्या लिंकवर फोनवरून भरा, नाहीतर ३१ मेनंतर कार्ड बंद. ७० वर्षांवरच्यांना दुप्पट." चोपड्यापासून साक्रीपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत हा मेसेज फिरतोय. अमळनेरच्या आत्याने फोनच केला, "मन्हं कार्ड बंद व्हई जाई का रे भाऊ?"

नाही होणार. आयुष्मानला लाभार्थ्याचा हप्ताच नाही. खर्चाचा वाटा केंद्र ६० टक्के उचलतं, राज्य ४० टक्के. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचाही खर्च उचलतं ते राज्य सरकार. ही योजना राजीव गांधींच्या नावाने जुलै २०१२ मध्ये पहिल्या ८ जिल्ह्यांत आली, त्यांत आपलं धुळंही होतं. जळगाव-नंदुरबारला ती २०१३ मध्ये पोचली.

मग ४५६ आले कुठून? मला यातली लबाडी इथेच दिसते. मे संपता संपता बँकेचा खरा मेसेज येतो: ४३६ कापले, २० कापले. बेरीज करा. पण ४३६ जीवनज्योतीचे आणि २० सुरक्षा विम्याचे. पहिला मृत्यूनंतर २ लाख देतो, दुसरा अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी आहे. दवाखान्याचं बिल दोन्हींतून भागत नाही. आणि हे पैसे आपण बँकेत सही करून दिलेल्या संमतीवर खात्यातून आपोआप जातात, लिंक लागतच नाही. पासबुक भरून आणलं की दोन्ही नोंदी वेगवेगळ्या दिसतात.

दुप्पटीचं तर उलटंच आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्यांना आयुष्मानचंच वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न न बघता, फुकट.

जीएसटी? वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. मेसेजवाला जुन्याच वहीतून उतरवतोय.

याला उत्तर म्हणून काही जण "फोनवरून कुठलाच विमा भरू नका" असं पसरवताहेत. तेही चूक. स्वतः घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता यूपीआयने बिनधास्त भरा. फक्त ॲप स्वतः उघडून, पॉलिसी क्रमांक टाकून, समोर नाव बरोबर येतंय ना ते बघून.

मेसेजच्या शेवटी आमिष आहे: "पिन टाका, सवलतीचे पैसे परत येतील." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. अशा लिंकवर पिन टाकला की पैसे जातातच. कुणी टाकून बसलं असेल तर घरच्यांपासून लपवू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि मग बँकेला.