झुरळ कोणाचं?

शुक्रवारी म्हापशात, चारचौघांत, माझ्या प्लेस्टेशनमधून झुरळ निघालं. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या डिचोलीत ही बातमी माझ्याआधी पोचली आहे. निदान तुम्हाला तरी ती माझ्या तोंडून कळावी.

माझं पीएसफोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या प्लेस्टेशनची चौथी आवृत्ती, २०१७ सालचं. गेल्या चतुर्थीपासून ते चालू केलं की असं घरघरतं, की शेजारच्या काकींनी एकदा गंभीरपणे विचारलं, "गिरण घातली काय रे?" म्हटलं, आता काहीतरी ठरवायला हवं. एक, ते उघडून साफ करून घ्यायचं. दोन, त्यावरच पावसाळ्यापुरते दोन नवे गेम आणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. तीन, त्याच्यानंतरचं नवं मशीन, पीएसफाइव्ह.

तिसऱ्याचा हिशेब मी पाच वर्षं करतो आहे. ते २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात आलं तेव्हा ४९,९९० ला होतं, आणि डिस्क न चालणारं ३९,९९० ला. मी शहाणपणा केला. वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, थांबूया. वस्तू जुनी झाली, मीही झालो, किंमत मात्र तरुणपणी नव्हती इतकी चढून २०२२ मध्ये ५४,९९० वर गेली. बिनडिस्कचं घ्यावं तर माझ्याकडच्या अकरा डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायला मोकळ्या. डिस्कवालं घेतलं तर त्या बहुतेक चालतील, पण मग नवीन काय खेळणार? त्या अकरांपैकी मी पुरे केलेत तीन. भाचा म्हणतो, "मामा, नवा जीटीए (तो गाड्या पळवायचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो' गेम) जुन्या मशीनवर येणारच नाही." बरोबर आहे. पण आधीचा जीटीए २०१३ मध्ये पीएसथ्रीवर आला, २०१४ मध्ये पीएसफोरवर, २०२२ मध्ये पीएसफाइव्हवर. एकच खेळ तीन यंत्रांवर तीनदा विकायची कला ज्यांना येते, त्यांच्यापुढे आपण घाई कशाला करा?

आणि दोन नंबरचा पर्याय अगदीच वेडा नव्हता. मे संपत आला की आमच्याकडे प्रत्येक घर पुरुमेंत भरतं. सुके बांगडे, गालमो, सोलां, कांद्यांच्या माळा, मिरच्या. जूनमध्ये पाऊस एकदा धरला की बाहेर पडवत नाही, म्हणून आधीच साठा. पावसाळ्याआधी दोन गेम हे माझं पुरुमेंत. ते सुकवावे लागत नाहीत आणि त्यांना वासही येत नाही. (पावसाळ्यात वीज जाते ही गोष्ट वेगळी. गेल्या जुलैत एका राक्षसाला मारायला मला नऊ दिवस लागले. त्यातले आठ वीज खात्याचे होते.)

तर शुक्रवारी सकाळी मशीन आणि सगळ्या डिस्क पिशवीत घालून अस्नोड्यामार्गे म्हापसा गाठलं. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, म्हापशात गाडी लावायला जागा शोधणं हा स्वतःच एक गेम आहे, आणि त्याला सेव्ह नाही. बाजारामागच्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्ती, स्क्रीनगार्ड, झेरॉक्स आणि जुने गेम असं सगळं एकत्र करणारं एक दुकान आहे. तिथल्या पोराने मशीन फिरवून बघितलं आणि म्हणाला, बदलीत दिलंत तर साडेचार हजार धरतो. मी मनातल्या मनात ५४,९९० मधून साडेचार हजार वजा करत होतो, इतक्यात शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून प्रश्न आला.

"पुता, हें कितें?"

मावशी साठीच्या पुढच्या. मोबाइलमधून आवाज येत नाही म्हणून दुरुस्तीला आलेल्या, आणि तोवर त्याची भरपाई स्वतः करत होत्या. पायाशी पुरुमेंताच्या दोन पिशव्या, तिसरी काउंटरवर, माझ्या मशीनला खेटून. तोंड उघडं. आत गालमो. वातानुकूलित दुकान, बंद दार आणि सुकी कोळंबी, म्हणजे कसा वास होता ते किनारपट्टीवरच्या माणसाला सांगायला नको.

"गेम खेळायचं मशीन, मावशी."

"भुरग्यालें?"

मुलाचं का, असं विचारत होत्या. इथे मी खोटं बोललो. मूलबाळ नाही, म्हणून "भाच्याचं" म्हणालो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. काय गरज होती, मला अजून कळत नाही.

पोराने चांदणीच्या आकाराचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत करड्या लोकरीसारखी धूळ साचली होती. आणि मग पंख्याच्या बाजूने एक झुरळ बाहेर आलं. धावत नव्हे. सकाळी उठून माणूस अंगणात येतो तसं, मिशा हलवत. त्याने दुकान बघितलं. मग स्क्रीनगार्डच्या गठ्ठ्यावरून, कॅल्क्युलेटरला वळसा घालून, सरळ मावशींच्या पिशवीत उतरलं.

पोरगा शांतपणे म्हणाला, "पीएसफोरमध्ये हें सदांचेंच." पॉवर सप्लाय आतच असतो, ऊब असते, झरोके रुंद असतात. मला वाटलं, या शास्त्रीय खुलाशावर विषय संपेल.

"तुजें तें," मावशी म्हणाल्या.

आता इथे शहाण्या माणसाने माफी मागितली असती. मी म्हणालो, "मावशी, कदाचित ते मुळात तुमच्या पिशवीतलंच असेल. फिरायला आलं असेल, आता घरी गेलं."

हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे. कोणी घेऊ देत नाही.

मावशी उभ्या राहिल्या. त्यांची पिशवी सकाळी धुतलेली होती. गालमो त्या तीस वर्षं एकाच बाईकडून घेतात, आणि ती बाई एकवेळ वजनात मारेल पण झुरळ घालणार नाही. त्यांच्या घरात झुरळ नाही, त्यांच्या माहेरच्या घरात नव्हतं, सासूच्या वेळी एक होतं पण तेही पाहुण्यांच्या ट्रंकेतून आलेलं. मी म्हटलं, झुरळावर काही नाव लिहिलेलं नसतं. त्या म्हणाल्या, धूळ लिहिलेली असते, बघ त्याच्या पाठीवर. दोघांनी पिशवीत डोकावलं. झुरळ तळाशी गेलं होतं. आता पुरावाही गालम्याखाली.

झेरॉक्सच्या मशीनपाशी हेल्मेट घातलेला एक माणूस उभा होता. तो शेवटपर्यंत हेल्मेटमध्येच राहिला, त्यामुळे त्याचं वय, चेहरा, हेतू काहीच सांगता येणार नाही. काच वर करून तो म्हणाला, "एक मिनिट. राहायला कुठे होतं?"

"कोण?"

"झुरळ. निघालं कुठून, गेलं कुठे, हे गौण आहे. वस्ती कुठे होती? किती वर्षं?"

कळलं ते असं, की या गृहस्थांचं घर दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत आहे आणि मामलेदाराच्या कचेरीत त्यांची केस कैक वर्षं चालू आहे. हातातली झेरॉक्सची चळत त्याचीच. मुंडकार कायदा, १९७५, त्यांना कलमांसकट पाठ होता, आणि तो वापरायला मिळाल्याच्या आनंदात त्यांनी निकाल दिला. जो ज्याच्या जागेत वर्षानुवर्षं राहतो तो त्याचा मुंडकार. झुरळ या इसमाच्या यंत्रात राहत होतं. सबब झुरळाचा मालक तो नाही. पण भाटकार, म्हणजे जागेचा मालक, तोच. आणि खरं म्हणजे आता त्याला काढताही येणार नाही.

"पण ते स्वतःहून गेलं की!" मी म्हणालो. मी का युक्तिवाद करत होतो?

"बाजाराला गेलं," हेल्मेट म्हणालं. "बाजाराला गेला म्हणून वस्ती सुटत नाही."

मावशींना कायद्यातलं काही नको होतं, पण निकाल हवा होता आणि तो मिळाला. मला आठवलं, आपल्या गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा. नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी. म्हणजे अर्धं झुरळ माझ्या बायकोचं, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा तरी.

पोराने ब्लोअरने धूळ उडवली, नवी पेस्ट लावली, आणि चालतंय का बघायला मशीन भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडलं. आवाज बंद. इतका सुंदर शांत झाला होता पंखा! आणि पडद्यावर, हाताएवढ्या अक्षरांत, खातेदाराचं नाव आलं: 'बिचोली टायगर ८१'. (बिचोली, दिवचल, ही सगळी डिचोलीचीच नावं.) बाजूला माझा फोटो. गॉगल घातलेला.

दुकानात कोणी बोललं नाही. फक्त हेल्मेटची काच खाली आली.

"अंकल," पोरगा म्हणाला, "टायगर तुम्हीच?"

मावशींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि मला कळलं की आता खरं संकट आहे. "दिवचलचो तूं? कोणालो रे?"

गोव्यात हा प्रश्न सुटत नाही. दुसरीकडे माणसाला आधार क्रमांक असतो, आपल्याकडे 'कोणालो', म्हणजे 'कोणाचा'. मी आडनाव पुटपुटलो. त्यांनी वाडा विचारला. वाड्यावरून घर, घरावरून आजोबा, आजोबांवरून सांखळीला दिलेली आत्या, आणि तिथून दोन उड्यांत माझ्या बायकोची मावशी. "लग्न जालां न्ही तुजें?" हे त्यांनी अशा सुरात विचारलं, की त्या मुलीची दया प्रश्नातच आली होती. मग पोराने माझ्याकडे न बघता सांगितलं, की बदलीत द्यायचं तर आता तीन हजार. "कित्याक?" तर त्याने भुवईने पिशवीकडे दाखवलं. एक झुरळ, दीड हजार रुपये. साफसफाईचे आठशे देऊन, गेम न घेता, मी मशीन काखेत मारून बाहेर पडलो. मागे मावशी गालमो कागदावर ओतत होत्या.

मी घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. बायकोने दारातच विचारलं, "टायगर, जेवणार का?"

ती हसली आणि तिच्यापुरता विषय संपला. माझा संपत नाही. कारण झुरळाचं मला खरंच काही वाटत नाही. या हवेत बुटांना बुरशी येते, लग्नाच्या अल्बमला येते, मशीनमध्ये कोणी राहायला आलं तर नवल काय? मला राग येतो तो "भुरग्यालें?" या प्रश्नाचा, आणि त्याहून माझ्या उत्तराचा. माझ्या कचेरीतला एकजण दर शनिवारी बारमध्ये बसतो, त्याला कोणी विचारत नाही की ही बाटली भाच्याची का. दुसऱ्याने पन्नास हजारांची मासे मारायची गळ-रॉडं घेतलीत. आजवर एक शेवटो मिळाला. त्याला 'शौकीन' म्हणतात. नाटकाच्या वेडापायी जमीन विकलेल्यांच्या कथा तर आम्ही अभिमानाने सांगतो. मांडवीत कॅसिनोच्या बोटी रात्रभर झगमगतात. तिथे गोंयकारांना खेळायला १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे, चांगलंच आहे, पण मग घरात तरी खेळू द्याल की नाही? रात्री साडेदहाला, सगळं आवरून, आवाज कमी करून, तास-दीड तास. कोणाचं काय जातं? लहान असताना चतुर्थीला आम्ही बारा भावंडं एका टीव्ही गेमपुढे रांग लावायचो, '९९९ इन १'ची कॅसेट, त्यात खरे गेम चार, चालेना तर काढून फुंकर मारायची. तेव्हा आजोबा मागे पाटावर बसून बघायचे. एकदा हळूच म्हणाले होते, "म्हाकाय दी मरे." मलाही दे की. त्या रांगेतले अकरा जण मोठे झाले म्हणे. मी झालो नाही, एवढाच काय तो गुन्हा.

असो. निर्णय होत नव्हता तो नव्हताच. मशीन आता इतकं शांत चालतं की नवं घ्यायला कारण उरलं नाही, आणि त्यात कोण राहत होतं हे कळल्यापासून जुनं हातात घ्यायला मन होत नाही. रोज रात्री चालू करण्याआधी मी त्याला टिचकी मारतो. दार वाजवल्यासारखी.

आज दुपारी बायकोच्या मावशीचा फोन आला. त्या म्हापशाच्या बाईंचा निरोप होता. त्यांचा नातू बारावीची परीक्षा देऊन घरी बसलाय, डोकं खातोय. जावईबापू नवीन घेणारच असतील तर जुनं त्याला द्या. दोन हजार देतील. त्यातून टाकून दिलेल्या गालम्याचे चारशे वजा.

मी सोळाशेला नाही म्हटलं. अकरा डिस्कसकट बावीसशे सांगितलेत, आणि झुरळ त्यांच्याकडेच राहिलं आहे हे लक्षात आणून दिलं आहे. उत्तराची वाट बघतोय.